हेमांगीच्या कढईतली अळंबी

१

पाच जणांनी एकाच दुपारी, एकाच डोंगरावरची अळंबी खाल्ली आणि त्यातली एकटी माझी बायको मेली.

तिचं दहाव्याचं उरकून मी भुसावळहून पिंपळनेरला आलो होतो. पोलीस ठाण्यात फौजदार डिंपल अहिरे यांनी टाईप केलेला जबाब माझ्यापुढं ठेवला. वयानं माझ्या मुलीएवढ्या. मला मुलगी नाही, पण असती तर एवढी असती.

"काका, वाचून घ्या आणि सही करा."

मी वाचलं. शेवंताबाई नावाच्या बाईनं डोंगरातून विषारी भुईछत्री आणली, ती खाण्यायोग्य आहे असं सांगितलं, ती खाऊन माझी पत्नी हेमांगी हिचा मृत्यू झाला. हलगर्जीपणाचा गुन्हा.

शेवंताबाई बाहेर ओट्यावर बसली होती. पदर तोंडावर घेऊन. आमची तिची ओळख वीस-एक वर्षांची. हेमांगीचं माहेर पिंपळनेर. दर भादव्यात आम्ही यायचो तेव्हा शेवंताबाईच आम्हाला डोंगरात न्यायची. आता तिच्या पाड्यावर लोक तिच्याशी बोलत नव्हते. बाजारात तिची भाजी कोणी घेत नव्हतं. आदल्या दिवशी कोणीतरी तिच्या घराच्या कौलांवर दगड टाकले होते.

मी पेन हातात घेतलं. खरं सांगतो, मला सही करायची होती. दवाखान्यातून बाहेर आल्यापासून मला दोष द्यायला कोणीतरी हवं होतं. कोणीही चाललं असतं.

पण पेन टेकवलं आणि हात थांबला.

"मॅडम, आम्ही पाच जण जेवलो होतो. शेवंताबाई धरून."

"हो, आहे ना त्यात."

"मग चौघांना काहीच कसं झालं नाही?"

त्या म्हणाल्या, "नशीब म्हणायचं, काका."

"एकाचं नशीब मी समजू शकतो. चौघांचं कसं?"

त्यांनी खुर्ची मागं सरकवली. "उद्या संध्याकाळपर्यंत थांबते. त्यानंतर मला हिला कोर्टापुढं उभं करावं लागेल. तुमच्याकडं दुसरं काही असेल तर तोवर आणा."

२

माझ्याकडं काही नव्हतं. फक्त ती दुपार होती.

मी कारखान्यात टर्नर होतो, आता निवृत्त. हेमांगी शाळेत विज्ञान शिकवायची. अळंबीचा नाद तिचा. गणपती उठले की ती बॅग भरायची. डोंगरात फिरायचं, छत्र्या शोधायच्या, उलट्या करून बघायच्या, फोटो काढायचे. छत्रीची टोपी रात्रभर कागदावर पालथी ठेवायची म्हणजे सकाळी कागदावर तिच्या भुकटीचा रंग उतरतो. त्या रंगावरून जात कळते. भुसावळच्या घरात आमच्या देव्हाऱ्याशेजारीसुद्धा असले कागद असायचे.

यंदा तिचा गुडघा धरला होता. म्हणून ती आणि मी खाली शेवंताबाईच्या झोपडीपाशी थांबलो. वर तिघं गेली. शेवंताबाई, चांदभाई आणि सारिका.

चांदभाईचा नशिराबादला फोटो स्टुडिओ आहे. हेमांगीशी त्याची ओळख एका प्रदर्शनात झाली आणि तेव्हापासून दर वर्षी तो स्वतःची गाडी घेऊन येतो. सारिका ही हेमांगीची जुनी विद्यार्थिनी. आता धुळ्याला कॉलेजात शिकवते. हेमांगीला ती मॅडम म्हणते आणि मला काका.

तिघं खाली आली तेव्हा टोपली भरलेली होती. वारुळावर उगवणारी पांढरी अळंबी, ताटलीएवढी उमललेली. शिवाय सागाच्या पानात बांधलेली एक पुडी. त्यात न उमललेल्या कळ्या होत्या. हेमांगीला कळ्याच आवडायच्या.

मोठ्या पातेल्यात शेवंताबाईनं कांदा, लसूण, लाल मिरची घालून कालवण टाकलं. हेमांगीनं शेजारी तीन दगड मांडून आपली छोटी कढई ठेवली. चातुर्मासात ती कांदा-लसूण खात नसे.

चांदभाई म्हणाला, "भाभी, कांदा चालत नाही आणि उधईच्या वारुळातलं चालतं? हा कुठला धरम?"

"माझा. तुझा चमचा लांब ठेव. कांद्याचा आहे तो."

"घ्या! आता चमच्याला पण वाळीत टाकलं."

"चमच्यालाच टाकलंय. तुला अजून नाही."

सगळे हसले. त्या कळ्या नळाखाली मी धुतल्या. तिच्या कढईत मीच नेऊन टाकल्या. तिनं मीठ-मिरची आणि दाण्याचा कूट घातला आणि भाकरीबरोबर कढई पुसून खाल्ली. मला विचारलं, "अहो, घेता का थोडं?" मी म्हणालो, "तुझं बिनकांद्याचं तूच खा."

पोलीस ठाण्याच्या पायरीवर बसून मी हे सगळं परत आठवलं तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं. जेवण एक नव्हतं. भांडी दोन होती. विष होतं ते फक्त छोट्या कढईत, म्हणजे फक्त कळ्यांत.

मग प्रश्न एवढाच उरला. त्या कळ्या कोणी आणल्या?

३

शेवंताबाईच्या शेजारी मी बसलो. तिनं पदर काढला नाही.

"शेवंताबाई, सागाच्या पानातली पुडी कोणाची होती?"

"माले काय ठाऊक, नाना. टोपली मनी व्हती. मंग पाप बी मनंच शे."

"तू कळ्या तोडल्या होत्या?"

"मी उमलेल लिध्यात. कळ्या बी लिध्या असतीन. ध्यान नही माले." ती रडायला लागली. "रातदिन तेच इचार करस. मनाच हात चुकना व्हई. साहेबले सांगा, माले लई जा. घर राहीसन काय करू? नातू बी जोडे येत नही."

तिला स्वतःलाच वाटत होतं की तिनं मारलं. असा जबाब तिनं दिला असता तर सही मी केली काय आणि नाही केली काय.

"पान तू बांधलंस?"

"पान मी तोडीसन ठेयेल व्हतात. कोनी बी लेवो."

"आणि चाकू?"

"मना जोडे कसाना चाकू? मी हातवरी उपाडस. ती पोरगी म्हने, मावशी उपाडू नका, बुड ऱ्हाऊ द्या, पुढला साल परत ई. मी हासनू. मन्ही मायनी उपाडं, मी उपाडस, दर साल येसच."

मी उठून उभा राहिलो.

कळ्या मी धुतल्या होत्या. त्यांची बुडं मला आठवत होती. चाळीस वर्षं लेथवर काढलेल्या माणसाच्या नजरेतून काप सुटत नाही. प्रत्येक कळीचं बुड सपाट होतं. धारदार पात्यानं एका झटक्यात कापलेलं. हातानं उपटलेल्या अळंबीला खाली लांब सोट असतो, माती असते. त्यातल्या एकाही कळीला नव्हता.

मी सारिकाला फोन लावला. "पोरी, ती कळ्यांची पुडी कोणी दिली होती गं?"

ती लगेच म्हणाली, "शेवंताबाईंनी, काका. मी पाहिलं ना."

४

चांदभाई दुसऱ्या दिवशी सकाळीच गाडी घेऊन आला. मी बोलावलं होतं. त्याच्याकडं चाकू असतो, फळं कापायला. मी त्याला सरळच विचारलं.

"चांदभाई, तू कळ्या कापल्या होत्यास का?"

त्यानं गाडी बाजूला घेतली. इंजिन बंद केलं. मग म्हणाला, "पितांबरभाऊ, तुम्ही मला हे विचारताय?"

"सगळ्यांना विचारतोय."

"मी आजवर एक पण अळंबी तोडली नाही. मी फोटो काढतो. पोटावर पडून, चिखलात. भाभी म्हणायच्या, हा अळंबीला नमाज पढतो." त्यानं दार उघडून पाय बाहेर ठेवला. "विचारा. आता काय राहिलंय. विचारा."

आम्ही वर गेलो. सोमवारी, म्हणजे त्या जेवणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, मोठा पाऊस झाला होता. नंतर थेंब नाही. जमिनीवर पापडी धरली होती.

वारूळ सापडलं. त्याच्या अंगावर जागोजागी बोट जाईल एवढी भोकं होती. शेवंताबाईनं उपटलेली. मधे काही कापलेले बुडखे होते, कुजून काळे पडलेले. म्हणजे इथं दोघींनी तोडलं, एकीनं उपटून, दुसरीनं कापून. बुडखे थोडे होते. पुडीत कळ्या पुष्कळ होत्या.

मी आजूबाजूला शोधत राहिलो. वारुळापासून जरा उतारावर अंजनाचं मोठं झाड आहे. त्याच्याखाली पाला पसरलेला होता, पण तो नीट पसरलेला होता. वाऱ्यानं पाला असा पडत नाही. मी काठीनं बाजूला केला.

खाली खणलेलं होतं. सगळीकडं पापडी, आणि इथं मोकळी ढेकळं. म्हणजे पाऊस पडून गेल्यावर कोणीतरी आलं होतं, इथली माती वीतभर उकरली होती आणि वरून पाला टाकला होता.

कडेला, मुळीच्या आडोशाला, एक पांढरी छत्री राहून गेली होती. वाळून आखडलेली. हेमांगीनं शिकवलं होतं तसं मी काडीनं तिच्या भोवतीची माती काढली आणि अख्खी बाहेर घेतली. तिला सोट नव्हता. बुडाशी वाटी होती. अंड्याचं अर्धं टरफल असावं तशी पातळ, पांढरी वाटी.

हेमांगी मुलांना सांगायची, वाटी दिसली की हात धुवा आणि घरी जा. ही सगळ्यात वाईट. वर काहीच कळत नाही, कळी असताना तर नाहीच. कळीची भुकटी कागदावर पडत नाही. ओळख सगळी मातीखाली असते.

आणि वरच्यावर कापलं की ती ओळख मातीतच राहते.

"चांदभाई, इथं परत कोण आलं होतं?"

तो पाण्याची बाटली उघडत होता. सहज बोलला, "परत? आम्हीच की. सोमवारी मी सारिकाला धुळ्याला सोडायला निघालो ना, तेव्हा तिनं गाडी थांबवायला लावली. चष्म्याची डबी राहिली म्हणे वर. एकटीच आली. परतली तेव्हा हात चिखलानं भरलेले. मी म्हटलं, डबी काय जमिनीत पुरली होती काय?"

बाटली त्याच्या हातातच राहिली.

५

धुळ्याच्या देवपुरात सारिकाचं घर दुसऱ्या मजल्यावर आहे. दार तिनंच उघडलं. माझ्या हातात कागदात गुंडाळलेली ती वाळकी छत्री होती. मी कागद उघडला नाही. तिनं ओळखलं.

"बसा ना, काका."

"नाही बसत."

चांदभाई जिन्यातच थांबला होता.

मी म्हणालो, "कळ्या तू कापल्यास. हे मला कळलंय. तिला आवडतात म्हणून कापल्यास, हेही कळलंय. वारुळावर पुरेशा नव्हत्या म्हणून झाडाखालच्या घेतल्यास. बरोबर?"

ती भिंतीला टेकली. "सारख्याच दिसत होत्या."

"हेमांगीनं विचारलं नाही?"

"विचारलं. म्हणाल्या, सगळ्या वारुळावरच्या ना गं? मी हो म्हणाले. थोडं इकडं थोडं तिकडं, मला वाटलं एकच आहे." तिनं ओठ दाबले. "दुसऱ्या कोणाला त्यांनी दहा प्रश्न विचारले असते. मला एकच विचारला."

इथवर माझा राग नव्हता. चूक होती. उपटायचं नाही, बुड राखायचं, हे तिनं कुठल्यातरी शिबिरात ऐकलं होतं. हेमांगीनं गेल्याच वर्षी त्यावर तिच्याशी वाद घातला होता, आणि शेवटी म्हणाली होती, बरं बाई, तू नवीन शिकलीस, तुझं खरं.

"त्या रात्री तिला उलट्या सुरू झाल्या," मी म्हणालो. "सोमवारी सकाळी सलाईन लावलं. डॉक्टर म्हणाले पोट बिघडलंय, शिळं काही खाल्लं का. तू तिथं शेजारी उभी होतीस."

"हो."

"आणि दुपारी वर जाऊन बघितलंस."

"हो."

"वाटी दिसली?"

ती मान हलवत राहिली. हो म्हणून की नाही म्हणून, कळेना.

"मग तू खाली यायचं होतंस. पिंपळनेर पायथ्याशी आहे, सारिका. दवाखान्यात येऊन एक शब्द बोलायचा होतास."

"मला भीती वाटली."

"कशाची?"

"तुमची." ती पहिल्यांदा माझ्याकडं बघून बोलली. "पोलिसांची नाही. तुम्ही दोघं माझ्याकडं कसं बघाल याची. मला आई नाही, काका. मॅडमच होत्या."

मी कागदातली छत्री दुसऱ्या हातात घेतली.

"मी बुडखे उकरले आणि पिशवीत घालून नदीत टाकले. मग मंगळवारी तुम्हाला फोन केला. तुम्ही म्हणालात बरी आहे, उठून बसली, चहा प्यायली. मी इतकी रडले. आठवतं?"

आठवत होतं. मला वाटलं होतं, किती जीव आहे या पोरीचा. मी हेमांगीला तसं सांगितलंही होतं. ती म्हणाली होती, वेडी आहे, तिला म्हणावं दिवाळीला ये.

"मग मला वाटलं, झालं, वाचल्या. आता कशाला सांगायचं."

हे तिनं फार लवकर म्हटलं. मी तिच्या टेबलाकडं बघितलं. त्यावर हेमांगीचीच पुस्तकं होती, तिनं वाचायला दिलेली. त्यांतून मी हेमांगीला कित्येक संध्याकाळी मोठ्यानं वाचून दाखवलंय, तिचा चष्मा सापडत नसला की. वाटीवाल्या छत्रीचं पान मला जवळजवळ पाठ आहे. आधी उलट्या. मग एक दिवस बरं वाटतं. माणूस उठून बसतो, जेवायला मागतो, घरचे निश्चिंत होतात. त्या दिवसात आत यकृत जात असतं. धावपळ करायची ती त्याच दिवशी.

"तू ते पान वाचलं होतंस," मी म्हणालो.

ती खाली बसली. फरशीवरच बसली.

"सोमवारी रात्री वाचलं," ती म्हणाली. "मंगळवारी फोन केला तो सांगायलाच केला होता. पण तुम्ही आधीच म्हणालात, बरी आहे. तुमचा आवाज इतका आनंदी होता, काका. मला तेच ऐकायचं होतं. मग बुधवारी सांगू म्हटलं."

बुधवारी हेमांगीचे डोळे पिवळे झाले. तिला धुळ्याला हलवलं. तिथल्या डॉक्टरांनी काय खाल्लं विचारलं तेव्हा मी अळंबी सांगितली, पण सगळ्यांनी खाल्ली आणि कोणाला काही झालं नाही असंही सांगितलं. सारिका तेव्हा दवाखान्यात होती. माझ्यासाठी डबा घेऊन आली होती.

"आणि शेवंताबाईचं नाव?"

"तुम्ही फोनवर विचारलंत. तोंडातून निघून गेलं."

"तिच्या घरावर दगड पडलेत."

तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मी जिना उतरलो. चांदभाईनं हाताला धरून गाडीत बसवलं. थोड्या वेळानं मागचं दार उघडलं. सारिका चपला न घालता आली होती. मागच्या सीटवर बसली आणि म्हणाली, "चला."

६

साक्रीच्या पुढं ऊन उतरलं होतं. पिंपळनेरला पोचलो तेव्हा फौजदार मॅडम निघण्याच्या तयारीत होत्या. सारिकानं उभ्यानंच सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. चुकून कापल्याचं सांगितलं, उकरल्याचं सांगितलं, मंगळवारच्या फोनचं सांगितलं. तिला आतल्या खोलीत बसवून मॅडम बाहेर आल्या.

"काका, कापलं ही चूक. पुरावा नष्ट केला, त्याचं कलम लागेल. पण गप्प राहिली, त्याचं काय करायचं ते मला आत्ता सांगता येत नाही. वकील म्हणेल, सांगितलं असतं तरी वाचल्या असत्याच कशावरून?"

"वाचली असती का?"

"मी डॉक्टर नाही."

"तरी."

त्यांनी हातातली फाईल मिटली. मग म्हणाल्या, "पहिल्या दिवशी कळलं असतं तर कदाचित. असं डॉक्टर म्हणाले मला."

कदाचित. हा शब्द मी घेऊन आलोय. तो आता माझ्या घरात राहतो. शेवंताबाईवर सही केली असती तर निदान हा शब्द मला मिळाला नसता.

माझा नवीन जबाब लिहून झाला. त्यावर मी सही केली. शेवंताबाईला सोडलं. मॅडमनी पाड्यावर एक हवालदार पाठवून लोकांना सांगायचं कबूल केलं. सांगितलं तरी लोक तिच्याकडून भाजी घेतील की नाही हे त्यांनाही माहीत नव्हतं आणि मलाही नाही.

ओट्यावर तिला मी सगळं समजावून सांगितलं. तिच्या हातून काही झालं नाही, कळ्या तिच्या नव्हत्या, हे दोनदा सांगितलं. ती ऐकत होती. सुटल्याचा आनंद तिच्या तोंडावर कुठं दिसला नाही.

"तठे मझार ती पोरगी बठेल शे?" आतल्या खोलीकडं बघत तिनं विचारलं.

"हो."

"बाईवर भलता जीव व्हता तिना."

"होता."

"मंग बाईले मारं कोनी, नाना?"

मी उत्तर शोधलं. कोणाचं नाव घेऊ? हिच्या हातानं नाही, चांदभाईच्या नाही. आत बसलेल्या पोरीचं घ्यावं तर तिनं तर आवडीच्या कळ्या निवडून आणल्या होत्या, आणि नंतर भ्यायली होती. भिणारी माणसं मी कारखान्यात, नात्यात, सगळीकडं बघितली आहेत. मी एवढा हिंडलो तो खुनी शोधायला. मिळाला असता तर त्याला शिव्या देत उरलेलं आयुष्य काढता आलं असतं.

"कोणीच नाही मारलं, शेवंताबाई," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडं असं बघितलं की जणू मीच तिच्यापासून काही लपवतोय. मग पदर सारखा करून ती पाड्याच्या वाटेला लागली. रस्त्यात दोन बाया समोरून येत होत्या. त्यांनी तिला पाहिलं आणि रस्ता ओलांडून पलीकडं गेल्या.

चांदभाई म्हणाला, "चला भाऊ, भुसावळला सोडतो."

मी गाडीत बसलो. तो चावी लावायचा थांबला आणि विचारलं, "घरी कोणी आहे का? फोन करून जेवणाचं सांगू?"

मी नाही म्हणालो. त्याच्या लक्षात आलं आणि तो स्टिअरिंगवर डोकं टेकवून रडायला लागला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवून बसलो. मला रडू येत नव्हतं.